सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर : वैयक्तिक फोल्डरांचे स्थलांतर

घरगुती किंवा छोट्या कार्यालयातील विंडोज संगणकावर जागा संपत आल्याची सूचना जवळजवळ नेहमी सी ड्राइव्हबद्दलच येते, आणि त्याच वेळी शेजारचा डी ड्राइव्ह निम्म्याहून अधिक रिकामा असतो. सी ड्राइव्हखालची पट्टी लाल आणि डी ड्राइव्हखालची जेमतेम भरलेली, हे दृश्य इतके सार्वत्रिक आहे की त्याचा दोष केवळ वापरकर्त्याच्या पसारा घालण्याच्या सवयीवर ढकलता येत नाही. खरे कारण मांडणीत आहे. विंडोज ही कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअर यांच्यातील सगळा व्यवहार सांभाळणारी मूळ आज्ञावली, ज्या ड्राइव्हवर बसवलेली असते त्याच ड्राइव्हवर ती प्रत्येक वापरकर्त्यासाठी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज हे फोल्डर तयार करते. व्हॉट्सअॅप वेबवरून उतरवलेली लग्नाची छायाचित्रे असोत, बँकेचे विवरणपत्र असो किंवा वर्डमध्ये लिहिलेला अर्ज असो, वापरकर्त्याने वेगळी जागा सांगितली नाही तर ते सर्व याच फोल्डरांत, म्हणजे सी ड्राइव्हवरच, जाऊन बसते.

ही अडचण गेल्या दहा-बारा वर्षांत अधिक तीव्र झाली. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कची जागा एसएसडीने, म्हणजे हलता भाग नसलेल्या आणि कितीतरी वेगवान अशा साठवण-साधनाने घेतली. पण तिची किंमत जास्त असल्याने अनेक लॅपटॉपांमध्ये आणि जुळवून घेतलेल्या संगणकांमध्ये १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी विंडोजसाठी आणि एक टीबीची साधी हार्ड डिस्क विदेसाठी, अशी जोडी दिली जाऊ लागली. त्यातही २५६ जीबी म्हणून विकत घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबीचीच दिसते, कारण उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे धरतो, तर विंडोज दोनच्या घातात मोजून तीच संख्या १०७ कोटींहून थोडी अधिक धरते. यात फसवणूक कोणाचीच नाही, मापे दोन आहेत इतकेच. उरलेल्या जागेतून कार्यप्रणाली स्वतःच्या फाइली, स्मृतीला पूरक म्हणून वापरली जाणारी पेज फाइल, झोपेत जाताना लिहिली जाणारी हायबरनेशन फाइल आणि पुढच्या अद्यतनासाठी राखून ठेवलेली जागा वजा करते. जागा फारच कमी उरली की अद्यतने अर्ध्यावर थांबतात आणि एसएसडीचा लिहिण्याचा वेगही मंदावतो. म्हणून वैयक्तिक फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याचा सल्ला दुरुस्ती करणारा प्रत्येक जण देतो, आणि तो योग्यही आहे. मात्र ते कसे करावे याबद्दलचा सल्ला अनेकदा 'सगळे निवडा, कट करा, तिकडे पेस्ट करा' एवढ्यावरच संपतो.

फाइल एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणे हे या कामातले सोपे अंग आहे. डॉक्युमेंट्समधील सर्व फाइली कट करून डी ड्राइव्हवर पेस्ट केल्या, तर त्या दिवशी सी ड्राइव्ह रिकामा होतो खरा. पण 'डॉक्युमेंट्स म्हणजे कोणती जागा' याबद्दलची विंडोजची समजूत जशीच्या तशी राहते. दुसऱ्या दिवशी वर्डमध्ये नवी फाइल जतन करताना तीच जुनी जागा पुढे येते, ब्राउझर उतरवलेल्या फाइली सी ड्राइव्हवरच टाकतो, आणि काही महिन्यांत एकाच वापरकर्त्याची कागदपत्रे दोन ठिकाणी विभागलेली आढळतात. जमिनीचा ताबा घेतला पण फेरफार नोंद केली नाही, तर सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते; तसा हा प्रकार आहे. संपूर्ण फोल्डरच माउसने ओढून दुसऱ्या ड्राइव्हवर सोडला तर आणखी एक घोटाळा होतो, कारण एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नुसते ओढले असता विंडोज हलवत नाही, नक्कल करते. परिणामी जागा तर सुटत नाहीच, शिवाय दोन प्रतींपैकी कोणती अद्ययावत, हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

फोल्डरच्या जागेची ही नोंद कोठे असते आणि ती अशी का ठेवली गेली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयबीएमचा १९८१ सालचा पहिला पीसी फ्लॉपीवर चालत असे आणि फ्लॉपीच्या दोन ड्राइव्हना ए आणि बी ही अक्षरे मिळाली होती. १९८३ साली आलेल्या पीसी एक्सटीमध्ये दहा एमबीची हार्ड डिस्क आली, तेव्हा तिच्या वाट्याला पुढचे अक्षर, सी, आले. फ्लॉपी नामशेष झाली, पण सीचे स्थान तसेच राहिले. त्या दहा एमबीत आजच्या मोबाइलवरची दोन-तीन छायाचित्रे मावतील. त्याच वर्षी आलेल्या एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने फोल्डरांची उतरंड आणली, मात्र वापरकर्त्याच्या फाइलींसाठी ठरावीक जागा अशी नव्हती. प्रत्येक जण आपापल्या मर्जीने फोल्डर करी, आणि बरीचशी सॉफ्टवेअर स्वतःच्याच फोल्डरात वापरकर्त्याचे काम साठवत. 'माय डॉक्युमेंट्स' हे नाव विंडोज ९८च्या काळात पडद्यावर स्थिरावले. २००१ सालच्या विंडोज एक्सपीत प्रत्येक वापरकर्त्याला 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'च्या पोटात स्वतःची जागा मिळाली, आणि २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने ते लांबलचक नाव टाकून 'युजर्स' हे आटोपशीर नाव घेतले. एक्सपीमध्ये छायाचित्रे आणि संगीत यांचे फोल्डर माय डॉक्युमेंट्सच्या आत असत, त्यामुळे एक फोल्डर हलवला की सगळे बिऱ्हाड हलत असे. व्हिस्टापासून ते शेजारी शेजारी, स्वतंत्र झाले आणि प्रत्येकाचे स्थलांतर वेगळे करावे लागू लागले. हा बदल नीटनेटकेपणाच्या दृष्टीने चांगला असला तरी स्थलांतर करणाऱ्याचे काम त्याने वाढवले, हे मान्य करावे लागते.

व्हिस्टानेच या फोल्डरांना 'नोन फोल्डर', म्हणजे कार्यप्रणालीला ओळखीचे असलेले फोल्डर, ही संकल्पना दिली. तिचा गाभा असा की डॉक्युमेंट्स ही डिस्कवरची विशिष्ट जागा नसून ती एक ओळख आहे, आणि त्या ओळखीपुढे सध्याचा पत्ता कोणता हे एका नोंदीत लिहिलेले असते. नीट लिहिलेले सॉफ्टवेअर 'सी ड्राइव्हवर, युजर्समध्ये, अमुक नावाच्या खात्यात जा' असे कधी म्हणत नाही. ते विंडोजला विचारते की या वापरकर्त्याचे डॉक्युमेंट्स सध्या कोठे आहे, आणि मिळेल त्या पत्त्यावर जाते. हे पत्ते रजिस्ट्रीत असतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आणि बहुतेक सॉफ्टवेअरच्या मांडणीची मध्यवर्ती नोंदवही. तिच्यातील 'युजर शेल फोल्डर्स' या कप्प्यात पाहिले तर या व्यवस्थेचे थर उघडे पडतात. डॉक्युमेंट्सची नोंद तिथे अजूनही 'पर्सनल' या जुन्या नावाने आहे, पिक्चर्सची 'माय पिक्चर्स' या नावाने आहे, आणि व्हिस्टाबरोबर दाखल झालेल्या डाउनलोड्सला तर नावच नाही. त्याच्या जागी महिरपी कंसातील बत्तीस अंक-अक्षरांचा एक ओळखक्रमांक आहे. शेजारीच 'शेल फोल्डर्स' नावाचा जवळजवळ तसाच दुसरा कप्पा आहे, आणि त्यातील एका नोंदीचे नावच असे ठेवले आहे की हा कप्पा वापरू नये. जुनी सॉफ्टवेअर परस्पर तिथे डोकावून पत्ता वाचत असल्यामुळे तो काढूनही टाकता येईना, म्हणून पाटी लावून ठेवून दिला. तीस वर्षे मागची सुसंगती सांभाळत आलेल्या कार्यप्रणालीच्या अंगावर अशा खुणा राहणारच.

या नोंदी हाताने बदलण्याची गरज सामान्य वापरकर्त्याला नसते, कारण त्यासाठी विंडोजने स्वतंत्र सोय केली आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडले की वरच्या बाजूला 'लोकेशन' नावाचे पान दिसते. हे पान साध्या फोल्डरांना नसते, केवळ ओळखीच्या फोल्डरांनाच असते. त्यात सध्याचा पत्ता आणि त्याखाली तीन बटणे असतात : मूळ जागी परत नेणारे 'रिस्टोअर डिफॉल्ट', नवी जागा निवडू देणारे 'मूव्ह' आणि सध्याची जागा दाखवणारे 'फाइंड टार्गेट'. डी ड्राइव्हवर आधी एक फोल्डर करावा, त्याला खात्याचे नाव द्यावे, त्याच्या आत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स असे वेगवेगळे रिकामे फोल्डर करावेत, आणि मग 'मूव्ह'मधून प्रत्येकाला त्याचा त्याचा नवा फोल्डर दाखवावा. 'अप्लाय' दाबल्यावर विंडोज विचारते की जुन्या जागेवरील सर्व फाइली नव्या जागी हलवायच्या का. या प्रश्नाला 'होय' म्हटले तर नोंद आणि फाइली दोन्ही बदलतात. 'नाही' म्हटले तर नोंद बदलते आणि फाइली मागे राहतात. घाईत दिलेल्या या एका उत्तराचे काय होऊ शकते, ते पुढे येईल.

या पायरीवर होणारी सर्वात त्रासदायक चूक म्हणजे नवी जागा म्हणून फोल्डर न निवडता थेट डी ड्राइव्हच निवडणे. तसे केले की विंडोजच्या दृष्टीने संपूर्ण डी ड्राइव्ह म्हणजेच डॉक्युमेंट्स होतो. त्यावरील चित्रपट, जुन्या संगणकाची प्रत, सॉफ्टवेअरची बसवणी-संचिका, सगळेच 'कागदपत्रे' ठरतात. चूक लक्षात आल्यावर 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबावे तर विंडोज डी ड्राइव्हवरचे सगळेच सामान सी ड्राइव्हवर आणू पाहते, आणि ते तिथे मावण्याचा प्रश्नच नसतो. दोन ओळखीचे फोल्डर एकाच जागेकडे वळवले, उदाहरणार्थ डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स दोन्ही डी ड्राइव्हवरील 'डेटा'मध्ये नेले, तरी असाच गुंता होतो. दोहोंची सामग्री एकत्र मिसळते आणि नंतर एकाला हलवायला गेले की त्याच जागी दुसरा फोल्डर असल्याची तक्रार करून विंडोज नकार देते. नव्या जागेतील फोल्डरचे नाव 'डेटा' ठेवले असूनही एक्सप्लोररमध्ये ते 'डॉक्युमेंट्स' असे दिसू लागले तर दचकू नये. प्रत्येक ओळखीच्या फोल्डरात 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाची एक लपलेली फाइल असते, दाखवायचे नाव आणि चिन्ह ती ठरवते, आणि स्थलांतरात ती सोबत येते.

एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात फाइल हलवणे क्षणात होते, दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना मात्र तासन्‌तास लागतात, याचे कारण ही दोन कामे मुळात भिन्न आहेत. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत, म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडायच्या आणि कशा शोधायच्या याच्या नियमांच्या चौकटीत, प्रत्येक फाइलची एक नोंद असते. त्याच ड्राइव्हवर हलवताना केवळ त्या नोंदीतील ठिकाण बदलते, फाइलचा एकही बाइट जागचा हलत नाही. दुसऱ्या ड्राइव्हची नोंदवही वेगळी असल्याने तिथे आधी नक्कल होते आणि ती पूर्ण झाल्यावर मूळ प्रत पुसली जाते. या दोन टप्प्यांमध्ये वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली किंवा बाहेरची हार्ड डिस्क जोडणारी केबल सैल झाली तर काही फाइली इकडे आणि काही तिकडे अशी अवस्था होते. म्हणून लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवणे, वर्ड, एक्सेल आणि ईमेलचे सॉफ्टवेअर बंद करणे, आणि सुरुवातीला व शेवटी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारी फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पाहणे, ही काळजी अनाठायी ठरत नाही.

नव्या ड्राइव्हची फाइलव्यवस्था कोणती आहे हेही पाहिले पाहिजे. बाहेरून जोडायच्या अनेक डिस्क आणि पेनड्राइव्ह एफएटी-३२ किंवा एक्सफॅट या व्यवस्थेत येतात. पहिलीत चार जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, त्यामुळे लांबलचक समारंभाचे चित्रीकरण तिथे अडते. आणि दोन्हींमध्ये 'ही फाइल कोणी उघडावी' याचे परवाने साठवण्याची सोयच नाही. डी ड्राइव्ह एनटीएफएसचा असला तरी सी ड्राइव्हवरील खाते-फोल्डरांना मिळणारे बंदिस्त संरक्षण तिथे आपोआप मिळेलच असे नाही. नक्कल होऊन आलेल्या फाइलींना सामान्यतः नव्या फोल्डरचे परवाने लागू होतात, आणि त्यामुळे त्याच संगणकावरील दुसऱ्या खात्याला त्या वाचता येण्याची शक्यता राहते. एकाच संगणकावर आई-वडील, मुले आणि कधी कधी दुकानातला मदतनीसही वेगवेगळ्या खात्यांनी काम करतात, तिथे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील 'सिक्युरिटी' पान एकदा उघडून पाहणे शहाणपणाचे. पत्त्यांच्या नोंदी प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र असल्याने एका खात्याचे स्थलांतर केले म्हणून दुसऱ्याचे होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा संपूर्ण मार्ग २६० चिन्हांच्या आत असावा, ही विंडोजची जुनी मर्यादा. ती शिथिल करण्याची सोय २०१६ पासून असली तरी फाइल एक्सप्लोररसह अनेक ठिकाणी ती अजूनही आडवी येते. येथे चिन्हे मोजण्याची रीत डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नाही. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे आहेत, त्यामुळे वाचताना चार अक्षरांचा वाटणारा 'महाराष्ट्र' हा शब्द संगणकाच्या लेखी दहा चिन्हांचा भरतो. 'जुन्या संगणकावरील कागदपत्रे', त्याच्या आत 'महाराष्ट्र शासन पत्रव्यवहार', त्याच्या आत 'मुख्याध्यापकांचे प्रस्ताव' अशी उतरंड रचून तिच्यात लांब नावाच्या फाइली ठेवल्या की मर्यादा अपेक्षेपेक्षा फार लवकर गाठली जाते, आणि स्थलांतर मध्येच थांबून नाव फार लांब असल्याचा संदेश येतो. अशा वेळी नव्या जागी उतरंड एक-दोन पायऱ्यांनी उथळ करणे हाच सरळ उपाय आहे.

अर्धवट स्थलांतर किती महागात पडू शकते, याचे सर्वात बोलके उदाहरण खुद्द विंडोजच्या इतिहासात आहे. मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची १८०९ या क्रमांकाची आवृत्ती प्रसृत केली आणि अद्यतनानंतर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरांतील फाइली नाहीशा झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. काही दिवसांतच कंपनीने वितरण थांबवले आणि ९ ऑक्टोबरला कारणाचा खुलासा केला. त्याआधीच्या, एप्रिल २०१८ मधील आवृत्तीत, ज्यांनी आपले फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हकडे वळवले होते त्यांच्याकडे जुन्या जागी त्याच नावाचे रिकामे फोल्डर दिसत राहत, आणि ते खटकत असल्याचे वापरकर्त्यांनी कळवले होते. ते हटवण्यासाठी नव्या आवृत्तीत जी भर घातली गेली, तिने पत्ता बदललेल्या फोल्डरची जुनी जागा पुसायची ठरवली. पण ती जागा खरोखर रिकामी आहे का, हे तिने पाहिले नाही. ज्यांनी पत्ता बदलताना फाइली मागेच ठेवल्या होत्या, किंवा काही हलवून उरलेल्या तशाच सोडल्या होत्या, त्यांच्या त्या मागे राहिलेल्या फाइली फोल्डरसकट गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या इंटरनेटवरील साठवण-सेवेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी परस्पर पत्ता बदललेले काही वापरकर्तेही त्यात सापडले. कंपनीच्या म्हणण्यानुसार प्रत्यक्ष फाइली गेल्याच्या तक्रारी दर दहा हजारांत एकापुरत्या होत्या. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा प्रसृत झाली. दोष निःसंशय कंपनीचा होता, कारण पुसण्यापूर्वी आत काय आहे हे न पाहण्याला समर्थन नाही. तरीही स्थलांतर करणाऱ्याने यातून एक तांत्रिक गोष्ट घ्यावी : पत्ता बदलल्यावर जुनी जागा कोणाच्याच मालकीची उरत नाही, म्हणून तिच्यात आपले काही ठेवू नये.

नेमके याच कारणाने, विंडोजच्या सेटिंग्जमधील साठवणुकीच्या विभागात नव्या फाइली कोणत्या ड्राइव्हवर जतन व्हाव्यात हे ठरवण्याची जी वेगळी सोय आहे, ती स्थलांतराचा पर्याय समजू नये. ती पुढच्या फाइलींपुरती आहे. आधीच्या फाइली ती जागच्या हलवत नाही.

काय हलवू नये, याचाही विचार करावा लागतो. खाते-फोल्डराच्या आत 'ॲपडेटा' नावाचा लपलेला फोल्डर असतो आणि कित्येकदा तोच सर्वात जास्त जागा व्यापून बसलेला आढळतो, कारण सॉफ्टवेअरच्या मांडण्या, ब्राउझरचा तात्पुरता साठा, ईमेलची प्रत आणि मोबाइलचे बॅकअप अशा गोष्टी त्यात साठतात. त्याला 'लोकेशन'चे पान नाही आणि ते नसणेच योग्य आहे, कारण त्यातील फाइली संगणक चालू असेपर्यंत सतत उघडलेल्या असतात. संपूर्ण 'युजर्स' फोल्डरच दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात; मात्र तशी मांडणी विंडोजची आवृत्ती बदलताना अडथळा ठरते आणि मायक्रोसॉफ्ट तिची शिफारस करत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेकांना आवृत्ती बदलावी लागत आहे, तेव्हा हा मोह टाळलेला बरा. ॲपडेटामधील एखादाच अवजड फोल्डर, जसे आयट्यून्सने घेतलेले आयफोनचे बॅकअप, हलवणे भागच असेल तर 'जंक्शन' हा मार्ग आहे. जंक्शन म्हणजे जुन्या जागी ठेवलेला असा दुवा की सॉफ्टवेअर जुन्याच मार्गाने जाते आणि फाइली मात्र दुसऱ्या ड्राइव्हवर असतात. एनटीएफएसमध्ये ही सोय विंडोज २००० पासून आहे. ती जाणकाराच्या हातचे साधन आहे.

व्यावसायिक कामाच्या फाइली तर बऱ्याचदा या ओळखीच्या फोल्डरांत नसतातच. हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या टॅलीप्राइमची विदा साधारणपणे युजर्समधील 'पब्लिक' या सामाईक फोल्डरात असते. डॉक्युमेंट्स हलवल्याने तिला धक्का लागत नाही, आणि ती हलवायची तर टॅलीच्या आत तिचा नवा मार्ग नोंदवावा लागतो. मराठी मासिके आणि पुस्तके जुळवणाऱ्या डीटीपी केंद्रांत याहून बिकट प्रसंग येतो. पेजमेकर किंवा इनडिझाइनमधील पानात मोठी चित्रे प्रत्यक्ष साठवलेली नसून त्यांचा केवळ दुवा असतो, आणि त्या दुव्यात चित्राचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरासह, नोंदलेला असतो. चित्रांचा फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर गेला की जुना अंक उघडताना चित्रे सापडत नसल्याची सूचना येते. पडद्यावर पुसट प्रतिमा दिसत असल्याने ती दुर्लक्षिली जाते, आणि छपाईला गेलेल्या पानात चित्र दाणेदार उमटते. एका कार्यपुस्तिकेतून दुसऱ्या कार्यपुस्तिकेतील आकडे उचलणाऱ्या एक्सेलच्या फाइलींचेही असेच होऊ शकते. या सर्व ठिकाणी सॉफ्टवेअरने विंडोजला ओळख न विचारता पत्ता पाठ करून ठेवलेला असतो.

वनड्राइव्हने या विषयात एक नवा पेच आणला आहे. मायक्रोसॉफ्टची ही मेघसाठवण, म्हणजे इंटरनेटवरील दूरच्या संगणकात फाइलींची प्रत ठेवण्याची सेवा, 'बॅकअप' या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांचा पत्ता स्वतःच्या फोल्डरकडे वळवते. म्हणजे येथेही नोन फोल्डरचीच यंत्रणा वापरली जाते, फक्त वापरकर्त्याऐवजी सेवा ती वापरते, आणि नव्या संगणकाची सुरुवातीची मांडणी करताना ते कधी झाले हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. बॅकअप हा शब्द त्या क्रियेला पुरता लागू पडत नाही, कारण संगणकावर पुसलेली फाइल मेघातूनही पुसली जाते, जरी काही काळ वनड्राइव्हच्या कचरापेटीत ती राहते; आणि मोफत जागा केवळ पाच जीबी असल्याने छायाचित्रांचा फोल्डर वळला की ती लगेच भरते. वनड्राइव्हच्या ताब्यातील फोल्डर 'लोकेशन'मधून डी ड्राइव्हवर नेण्याआधी त्या सेवेच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या फोल्डरचा बॅकअप थांबवावा लागतो, आणि त्यानंतर फाइली खरोखर सी ड्राइव्हवरील जुन्या जागी आल्या आहेत की वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिल्या आहेत, हे पाहावे लागते. कित्येकदा त्या तिथेच राहतात आणि डॉक्युमेंट्स रिकामे दिसून वापरकर्त्याच्या पोटात गोळा येतो.

इतर कार्यप्रणालींत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी घडलेल्या युनिक्समध्ये ड्राइव्हला अक्षर नसून प्रत्येक डिस्क एकाच उतरंडीतील एखाद्या फांदीवर जोडली जाते, त्यामुळे वापरकर्त्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर आहेत हे सॉफ्टवेअरला कळण्याची गरजच पडत नाही. 'यूएसआर' ही शाखा मुळात वापरकर्त्यांच्या फोल्डरांसाठी होती; पुढे प्रणालीच्याच आज्ञावल्यांनी तिच्यात घर केले आणि वापरकर्त्यांना 'होम' या दुसऱ्या शाखेत जावे लागले. लिनक्स बसवताना 'होम'ला स्वतंत्र विभाग देण्याची पद्धत त्याच परंपरेतली आहे.

विंडोजमध्ये सी आणि डी ही दोन अक्षरे दिसली म्हणून दोन डिस्क आहेत असे मानणे चुकीचे ठरते. विक्रेते एकाच डिस्कचे दोन विभाग, म्हणजे पार्टिशन, करून देतात, आणि त्या अवस्थेत डी ड्राइव्हवर नेलेल्या फाइली विंडोज नव्याने बसवताना सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तरी वाचतात, पण डिस्कच बिघडली तर सी आणि डी बरोबरच जातात. डिस्क मॅनेजमेंट या साधनात डिस्क शून्य आणि डिस्क एक अशा वेगळ्या ओळी दिसतात की एकाच ओळीत दोन्ही अक्षरे आहेत, हे पाहिल्यास खुलासा होतो. बाहेरून जोडायच्या डिस्कवर हे फोल्डर वळवणे तर टाळावेच. ती डिस्क लावायची राहिली किंवा तिला दुसरेच अक्षर मिळाले की डॉक्युमेंट्स उघडत नाही, आणि डेस्कटॉपही वळवलेला असेल तर संगणक सुरू होताच जागा उपलब्ध नसल्याचा संदेश येतो.

प्रत एकच राहते, फक्त जागा बदलते, म्हणून स्थलांतरानंतर बॅकअपची गरज तसूभरही कमी होत नाही. उलट चालू असलेला बॅकअप तपासण्याची गरज वाढते. विंडोजमधील फाइल हिस्टरी ओळखीच्या फोल्डरांची जागा विंडोजलाच विचारते, त्यामुळे ती नव्या पत्त्यावर जाते. पण त्या प्रती ज्या डिस्कवर जातात ती डिस्क आणि आता फोल्डर जिथे आले ती डिस्क एकच तर नाही, हे पाहावे लागते. काही बॅकअप-सॉफ्टवेअर आणि दुरुस्ती करणाऱ्याने लिहून दिलेल्या लहानशा आज्ञा-फाइली मात्र सी ड्राइव्हवरील मार्ग अक्षरशः लिहून ठेवतात. स्थलांतरानंतरही त्या रोज रात्री ठरल्या वेळी चालतात, रिकाम्या फोल्डरची नक्कल करतात आणि काम यशस्वी झाल्याची नोंद करतात. अशा सॉफ्टवेअरच्या स्रोत-यादीत नवा मार्ग घालून झाल्यावर, स्थलांतरानंतर तयार केलेली एखादी फाइल बॅकअपमधून परत काढून उघडून पाहावी.